घरच्या भिंतीवर सिनेमा : जोडणी आपणच करू या!

घरात नवी वस्तू आली की ती कुठं ठेवायची ते बाईनं ठरवायचं, तिच्यावरची धूळ बाईनं पुसायची आणि ती चालवायची मात्र घरातल्या पुरुषांनी, अशी आपल्याकडची जुनी वहिवाट आहे. रेडिओचं तेच झालं, टेलिव्हिजनचं तेच झालं, व्हीसीआरचं तर झालंच झालं. आता लहान गावांतल्या घरांतूनही प्रोजेक्टर येऊ लागला आहे. आमच्या कळंबमध्ये, वालचंदनगरच्या वसाहतीत, इंदापूर-बारामतीला दुकानांत तो सर्रास दिसतो. निदान याच्या बाबतीत तरी ‘अहो, जरा लावून देता का?’ म्हणत बसायची पाळी आपल्यावर येऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच.

मी काही इंजिनिअर नाही. कला शाखेची पदवीधर, घर सांभाळून शाळेत तासिका घेणारी बाई. पण मैत्रिणींनो, ज्या बाईला कुकरची शिट्टी, मिक्सरचं भांडं आणि गॅसचा रेग्युलेटर कळतो, तिला प्रोजेक्टर न कळण्यासारखं त्यात काहीही नाही. लागते ती एक मोजपट्टी, थोडा भागाकार आणि घाई न करण्याची सवय.

हा खेळ आपल्याला नवा नाही

पांढऱ्या पडद्यावर उजेड टाकून गोष्ट सांगायची ही कला महाराष्ट्राला सिनेमाच्याही आधीपासून ठाऊक आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली ‘शांभरिक खरोलिका’ नावानं जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, मागं दिवा, पुढं भिंग, आणि जोडीला निवेदन न्‌ गाणी. आजच्या प्रोजेक्टरचंही तत्त्व तेच. मागं दिवा, मध्ये चित्र, पुढं भिंग. काचेच्या जागी आता बोटाच्या पेरात मावेल एवढी इलेक्ट्रॉनिक पट्टी आली, इतकाच फरक.

पुढं ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, हे आपण शाळेत शिकतो. पण सरस्वतीबाई फाळक्यांनी काय केलं हे किती जणींना ठाऊक आहे? सिनेमासाठी पैसा हवा म्हणून त्यांनी अंगावरचे दागिने काढून दिले. फिल्मला कडेनं भोकं पाडणं, रसायनं कालवणं, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणं ही कामं त्यांनी शिकून घेतली, आणि वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही केला. तेव्हा ‘यंत्राचं काम बायकांचं नव्हे’ असं कुणी म्हटलं, तर त्याला हे नाव सांगावं.

त्यानंतरचा जमाना तंबूचा. जत्रेत ट्रकमधून प्रोजेक्टर यायचा आणि माळावर तंबू उभा राहायचा. गावोगावच्या जुन्या बायका सांगतात, की तंबूत बायकांची बाजू वेगळी असायची आणि रात्रीच्या खेळाला जायचं तर घरातल्या कुणाची तरी सोबत लागायची. ती मिळाली नाही की सिनेमा हुकला. या फिरत्या तंबूंवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट निघाला आणि २०१६ साली कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्या पिढीच्या बायकांना परवानगीवाचून न दिसलेला पडदा आज आपल्या माजघरात आला आहे. त्याची किल्ली तरी आपल्या हाती नको का?

दुकानात जाण्याआधी खोली मोजा

पुष्कळ घरांत आधी वस्तू येते आणि मग तिच्यासाठी जागा शोधतात. प्रोजेक्टरच्या बाबतीत हे उलट करावं. ज्या भिंतीवर चित्र पाडायचं ती भिंत आणि तिच्यासमोरचं अंतर, दोन्ही फुटांत मोजून वहीत लिहावं.

पडद्याचं माप इंचांत सांगतात आणि ते कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे तिरकं असतं. ८० इंची चित्र साधारण ५ फूट १० इंच रुंद आणि सव्वातीन फूट उंच येतं. १०० इंची चित्र सव्वासात फूट रुंद आणि ४ फूट १ इंच उंच. १२० इंची चित्राला पावणेनऊ फूट रुंद मोकळी भिंत लागते. कपाट, कॅलेंडर, देवाची तसबीर, विजेचा बोर्ड हे सगळं वगळून जेवढी भिंत उरते तेवढीच आपली.

आता अंतर. प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ नावाचा एक आकडा असतो. हिशेब सोपा आहे. चित्राची रुंदी गुणिले तो आकडा, म्हणजे भिंतीपासून प्रोजेक्टर ठेवायचं अंतर. आकडा १.२ असेल तर १०० इंची चित्रासाठी सव्वासात गुणिले १.२, म्हणजे सुमारे पावणेनऊ फूट. तोच आकडा १.५ असेल तर जवळजवळ अकरा फूट. दहा बाय बाराच्या खोलीत दहा फुटांच्या भिंतीसमोर दिवाण ठेवला, तर या दोहोंत केवढा फरक पडेल ते लक्षात येईल. आणि बघणाऱ्यानं किती लांब बसावं? ८० इंची चित्रासाठी आठ ते दहा फूट पुरे. त्याहून जवळ बसलं तर मान फिरवावी लागते.

उजेडाचा हिशेब

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती इथं. उजेडाचं माप लुमेन. खोक्यावर नुसतं ‘९००० लुमेन’ असं ठळक छापलेलं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. ‘अॅन्सी लुमेन’ किंवा ‘आयएसओ लुमेन’ किती, हा प्रश्न दुकानदाराला स्पष्ट विचारावा. उत्तर टाळलं की समजून घ्यावं.

घावनाचं पीठ आठवा. एक डाव पीठ छोट्या तव्यावर घातलं तर घावन जाड होतो. तेच मोठ्या तव्यावर पसरलं की पातळ, भोकं पडलेला. उजेडाचंही तसंच. ८० इंची चित्राचं क्षेत्रफळ सुमारे १९ चौरस फूट आणि १२० इंचीचं सुमारे ४३ चौरस फूट. म्हणजे चित्र दीडपट मोठं केलं की उजेड निम्म्याहूनही कमी होतो.

घरच्या घरी ताडून पाहायचा एक मार्ग सांगते. अॅन्सी लुमेनच्या आकड्याला चित्राच्या चौरस फुटांनी भागा. सिनेमागृहात, पूर्ण अंधारात, हा भागाकार चौदा ते सोळाच्या आसपास धरतात. ५०० लुमेनचा प्रोजेक्टर १०० इंची चित्रावर, म्हणजे साधारण ३० चौरस फुटांवर टाकला तर भागाकार सतराच्या जवळपास येतो. म्हणजे रात्री दिवे मालवून छान दिसेल. दुपारी खिडकीतून ऊन येत असताना मात्र त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नये. दिवसा पडदे ओढून बघायचं असेल तर दोन हजारांच्या पुढचाच घ्यावा.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही. जिथं चित्र काळं असायला हवं, तिथं तो फक्त उजेड टाकत नाही. मग तिथं दिसतो तो खोलीतला अंधार. खोलीतच उजेड असेल तर काळे केस राखाडी दिसणारच. म्हणून महागड्या पडद्याच्या आधी खिडकीला जाड, गडद पडदे शिवून घ्यावेत. जुन्या चादरीचं अस्तर लावलं तरी काम भागतं.

दुसरी पळवाट चित्राच्या बारकाव्याची. ‘१०८० सपोर्ट’ आणि ‘नेटिव्ह १०८०’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सपोर्ट म्हणजे एवढं बारीक चित्र तो आत घेतो. नेटिव्ह म्हणजे तो तेवढं बारीक प्रत्यक्ष दाखवतो. विचारायचं ते नेटिव्हचं.

आणि ज्यांच्या घरी बाहेरच्या खोलीत दिवसभर येणं-जाणं असतं, दार सताड उघडं असतं, बातम्या सतत चालू लागतात, त्यांनी सरळ मोठा टीव्हीच घ्यावा. शेजारणीनं घेतला म्हणून आपण घ्यायची ही वस्तू नाही.

भिंत की पडदा?

सुरुवातीला भिंतच बरी. गिलावा गुळगुळीत हवा. खरबरीत गिलाव्यावर माणसांच्या चेहऱ्यांवर वण उमटल्यासारखे दिसतात. लकाकी नसलेला पांढरा रंग दिला की झालं. ऑइलपेंट देऊ नये, मधोमध दिवा चमकल्यासारखा डाग दिसतो. चादर लावायची तर ती दुहेरी, इस्त्री केलेली, वर-खाली दोन्हीकडं काठी घालून ताणलेली असावी. पंख्याच्या वाऱ्यानं चादर हलली की नायक-नायिकाही डुलू लागतात!

कुठं आणि कसा ठेवायचा

प्रोजेक्टर भिंतीच्या बरोबर समोर, सरळ रेषेत ठेवावा. बाजूला किंवा तिरका ठेवला की चित्राचा चौकोन एका अंगाला फाकतो. ते सरळ करायला यंत्रात ‘कीस्टोन’ नावाची सोय असते, पण ती चित्राचा काही भाग कापून सरळ करते आणि चित्र तेवढं बोथट होतं. पाटाखाली पुठ्ठा सरकवून सरळ होत असेल तर कीस्टोनला हात लावू नये. मग भिंगाची कडी किंवा रिमोटवरचं फोकसचं बटण हळूहळू फिरवून अक्षरं स्वच्छ करावीत. फक्त मधली नाही, चारही कोपऱ्यांतली अक्षरं तपासावीत.

छताला टांगायचा असेल तर स्लॅबचं छत हवं आणि खिळे नव्हे, चांगले अँकर बोल्ट हवेत. पत्र्याच्या छताला टांगू नये, भिंतीवर मजबूत फळी मारावी. छताला उलटा टांगला की चित्रही उलटं येतं. घाबरू नये. मेनूमध्ये ‘सीलिंग’ निवडलं की ते सुलटं होतं.

यंत्र तापतं. त्याच्या जाळीच्या बाजूंना मोकळी जागा ठेवावी, आणि वर क्रोशाचं झाकण, पुस्तक, दुधाचा पेला काही ठेवू नये. आपल्याला प्रत्येक वस्तूवर रुमाल घालायची सवय आहे. चालू प्रोजेक्टरवर नको.

वायरींची भीती कशाला?

मागच्या बाजूची भोकं पाहून घाबरायचं कारण नाही. कामाची तीनच.

पहिलं एचडीएमआय. चपटं, दोन कोपरे छाटलेलं. सेट-टॉप बॉक्स, लॅपटॉप किंवा टीव्हीला लावतात ती इंटरनेटची काडी, सगळं याच एका वायरनं जोडलं जातं. चित्र आणि आवाज दोन्ही तिच्यातूनच जातात. ती जोरानं खुपसायची नाही, सुलटी धरली की आपोआप बसते. आठ-दहा मीटरपर्यंत चांगली साधी वायर चालते. त्याहून लांब हवी असेल तर दुकानदाराला आधी सांगावं.

दुसरं तीन रंगांचं. पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. लग्नाची जुनी डीव्हीडी बघायला हीच उपयोगी पडते. रंगाला रंग जुळवायचा, बस्स.

तिसरं हेडफोनसारखं गोल भोक. ते बाहेरच्या स्पीकरसाठी.

वायर लावली आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ आलं, तर यंत्र बिघडलं असं लगेच समजू नये. रिमोटवरचं ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटण दाबून आपण ज्या भोकात वायर घातली ते नाव निवडावं. दहांतल्या आठ तक्रारी इथंच मिटतात.

मोबाइल बिनवायरचा जोडता येतो, पण काही सिनेमांच्या अॅपमध्ये आवाज येतो आणि चित्र काळं राहतं. तो आपला दोष नाही. नक्कल होऊ नये म्हणून कंपनीनंच तशी कडी घातलेली असते. त्यासाठी वर सांगितलेली काडी वापरावी. टाइप-सी वायरनं मोबाइल जोडायचा तर तो चित्र बाहेर देणारा आहे का, हे आधी विचारावं. सगळे देत नाहीत.

आवाज समोरून यावा

प्रोजेक्टरच्या पोटातला स्पीकर लहान असतो, आणि तो आपल्या डोक्यामागं असतो. नायिका समोर बोलते आणि आवाज पाठीमागून, हे विचित्र वाटतं. घरात जुना स्पीकर असेल तर तो चित्राच्या खाली ठेवावा आणि वायरनं जोडावा. ब्लूटूथनं जोडला तर कधी कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. तसं झालं की सरळ वायर वापरावी.

वीज, राख आणि धूळ

जुन्या पद्धतीच्या दिव्याचा प्रोजेक्टर असेल, शाळा-कचेऱ्यांतून जुने मिळतात तसा, तर एक नियम पाठ करावा. भिंतीवरचं बटण एकदम बंद करायचं नाही. आधी रिमोटनं बंद करायचा, आतला पंखा थांबेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं थांबायचं, मग बटण. वीज अचानक जाणाऱ्या गावांत अशा यंत्राला इन्व्हर्टर असलेला बरा. एलईडी दिव्याच्या यंत्राला हा त्रास कमी. शिवाय जुना दिवा तीन ते पाच हजार तास टिकतो, एलईडी वीस हजारांच्या घरात. रोज दोन तास धरले तर चार हजार तास म्हणजे साडेपाच वर्षं. दिवा बदलायचा खर्च आधीच विचारून ठेवावा.

आमच्या भागात आणखी एक पाहुणी असते, राख. गळीत हंगाम सुरू झाला की वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे कण बसतात, त्यात शेतात पाचट पेटवलं की विचारूच नका. हीच राख प्रोजेक्टरच्या जाळीत जाते. हंगामात दर पंधरवड्याला प्लग काढून जाळी मऊ ब्रशनं झटकावी. भिंगाला मात्र पदर लावायचा नाही, ओलं फडकं तर मुळीच नाही. चष्म्याचं मऊ कापड घ्यावं, आधी कण फुंकणीनं उडवावेत आणि मग हलकेच पुसावं. काम झालं की झाकण लावून यंत्र पिशवीत ठेवावं.

आणि मुलांना बजावून ठेवावं. चालू असताना भिंगात डोळा घालून पाहायचं नाही. उजेड प्रखर असतो, लेझरचा तर फारच.

कशासाठी एवढा खटाटोप?

हे सगळं नुसत्या सिनेमासाठी नाही. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांमुळं आता चालवत नाही. तुकोबांच्या पालखीचं बेलवाडीचं रिंगण आमच्यापासून जवळ, पण त्यांना तिथवरही नेता येईना. धाकट्या भाऊजींनी मोबाइलवर चित्रण करून आणलं. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना त्या तळहाताएवढ्या काचेत काय दिसणार? ‘दिसलं हो’ म्हणून त्यांनी फोन परत दिला. ते दिसलं नव्हतं, हे मला कळलं. संध्याकाळी मी तेच चित्रण भिंतीवर लावलं. घोडा भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला तशा त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. मग म्हणाल्या, “सूनबाई, परत एकदा लाव गं.” एरवी वायरीचं काही असलं की त्या मुलालाच हाक मारतात.

बचत गटाच्या बैठकीतही त्याचा उपयोग होतो. हिशेबाच्या वहीचा फोटो भिंतीवर पडला की कोणी किती भरले, कोणावर किती कर्ज, हे मागं बसलेल्या बाईलाही दिसतं. ‘वही बघू’ म्हणायचा संकोच उरत नाही. शाळेतल्या मुलींचंही तसंच. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं. ज्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे भाग तयार होतात, त्याच्या भोंग्याच्या टप्प्यात राहणाऱ्या मुलींनी असली दृश्यं मोठ्या पडद्यावर पाहावीत, नाही का?

मात्र शिस्त हवी. आमच्याकडं शनिवारी रात्री आणि रविवारी एवढंच ठरलेलं आहे. दहावीचं वर्ष असलेल्या घरात तर याहूनही कमी. काय बघायचं ते पाळीपाळीनं ठरवावं, सासूबाईंचं कीर्तन, मुलांचा सामना, जाऊबाईंचा जुना सिनेमा. बाईची पाळी ‘स्वयंपाक आटोपल्यावर’ नसावी, ती वेळापत्रकात लिहिलेली असावी. घरच्या मंडळींनी बघायला कुणाची आडकाठी नाही, पण तिकीट लावून किंवा चौकात सिनेमा दाखवायचा तर त्याला रीतसर परवानगी लागते, हेही मंडळाच्या मुलांना सांगून ठेवावं.

जाता जाता

विकत घेताना आपला पेनड्राइव्ह बरोबर न्यावा. दुकानातले दिवे अर्धे मालवायला सांगून चित्र बघावं, कोपऱ्यांतली अक्षरं वाचावीत, पंख्याची घरघर ऐकावी. पक्कं बिल आणि हमीपत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि घरी आल्यावर पहिली जोडणी कुणालाही करू देऊ नका, स्वतः करा. कोणती वायर कुठं, कोणतं बटण आधी, हे एका कागदावर लिहून यंत्राच्या पिशवीत ठेवा. मुलीलाही शिकवा. एकदा हात बसला की सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे, भाजी फोडणीला टाकण्याइतकंच!